टोपीपाशी थांबलेले वाचन

फ्रेंच शिकू लागल्यानंतर पहिले सबंध पुस्तक कोणते वाचावे, हा प्रश्न आम्हांला सुरुवातीला अगदी किरकोळ वाटला होता. पुस्तके निवडणे हा तर आमचा व्यवसायच. आम्ही दोघे एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. अभ्यासक्रमाला काय लावावे, काय गाळावे, प्रथम वर्षाला काय झेपेल आणि एम.ए.ला काय शोभेल, यांवर बैठकांतून तावातावाने बोलण्यात आमची पंधरा-सोळा वर्षे गेली आहेत. तेव्हा स्वतःसाठी एक पुस्तक निवडणे ते काय अवघड? पण ते अवघड निघाले, आणि ज्या कारणाने अवघड निघाले ते कारण फ्रेंचपेक्षा आमच्याविषयी अधिक सांगणारे होते. म्हणून हा लेख.

फ्रेंचकडे आम्ही का वळलो, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. साठोत्तरी मराठी कादंबरी शिकवताना अस्तित्ववादाची प्रस्तावना करावी लागते आणि ती करताना काम्यूचे नाव घ्यावेच लागते. ते आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या आत्मविश्वासाने घेत आलो. 'परात्मता', 'अलिप्त निवेदन', 'निरर्थकता' हे शब्द फळ्यावर लिहीत आलो. प्रत्यक्षात आमचा काम्यू म्हणजे ग्रंथालयातील 'द आउटसायडर'ची एक जीर्ण पेंग्विन प्रत, स्टुअर्ट गिल्बर्टने १९४६ साली केलेला इंग्रजी अनुवाद, आणि त्याच्या आधारे मराठीत लिहिले गेलेले काही लेख. चाळिशी उलटल्यावर ही गोष्ट टोचू लागली. एका जूनमध्ये आम्ही पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील फ्रेंचच्या सायंवर्गात नाव घातले.

वर्गातील बाकीची मुले विशीतली होती. फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या अर्थांचे दोन शब्द केवळ एका स्वराने वेगळे होतात. त्यांतला एक स्वर मराठीत नाही. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची, अशी त्याची ठेवण. आमच्या तोंडून वर आणि खाली एकच होऊन जात असे, आणि मुले हसत. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. तरीही ते हसू आम्ही बसने घरापर्यंत घेऊन जात असू.

दोन वर्षांनी, भूतकाळाची नेहमीची रूपे बऱ्यापैकी हाताळता येऊ लागल्यावर, आम्ही बाईंना विचारले की आता काय वाचावे. त्यांनी सर्वांना सांगतात तेच सांगितले : सँतेग्झ्युपेरीचे 'ल पती प्रँस', म्हणजे 'छोटा राजपुत्र'. आम्ही मान डोलावली आणि 'मादाम बोव्हारी' विकत घेतली.

हा शुद्ध अहंकार होता. ज्यांनी आयुष्यभर कादंबरीचा रूपबंध शिकवला, त्यांनी चित्रांच्या पुस्तकाने सुरुवात करायची? 'मादाम बोव्हारी' १८५६ साली 'रव्यू द पारी' या नियतकालिकातून क्रमशः आली, १८५७ च्या आरंभी तिच्यावर नीतिमत्तेस बाधा आणल्याचा खटला झाला, फ्लोबेर निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली, हे सारे आम्हांला पाठ होते. तिचे पहिले पान वाचता येत नव्हते, एवढेच.

त्या पहिल्या प्रकरणात शाळेच्या वर्गात एक नवा मुलगा येतो. खेड्यातला, बुजलेला. त्याच्या गुडघ्यांवर त्याची टोपी असते आणि फ्लोबेर त्या टोपीचे वर्णन करतो. ती टोपी म्हणजे अनेक प्रकारच्या टोप्यांची खिचडी. त्यामुळे त्या सगळ्या टोप्यांची नावे येतात. मग तिच्या वळ्या येतात, मखमल येते, सशाची लव येते, पुठ्ठा, कशिदा, दोरी आणि दोरीच्या टोकाचा गोंडा येतो. त्या टोपीपाशी आम्ही तीन रविवार काढले. पानावर अधोरेखित शब्द झाले एक्केचाळीस. फ्रेंच शब्दावरून इंग्रजी शब्द काढायचा, तोही ओळखीचा नसायचा, मग त्यावरून चित्र शोधायचे, आणि पोलिश भालाईत स्वार डोक्यावर काय घालीत ते पाहून वहीत लिहायचे. तिसऱ्या रविवारी टोपी पुरती समजली. पण ती घेऊन बसलेल्या मुलाचे काय झाले, हे आम्हां दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हते. पुस्तक मिटले.

वाचनाच्या अभ्यासकांनी या प्रकाराचे मोजमाप केले आहे. हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की कथात्म मजकूर कोणाच्या मदतीविना नीट समजायचा तर त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. पाच अनोळखी शब्दांचा अर्थ संदर्भाने लावता येतो. एक्केचाळीस शब्दांना संदर्भच उरत नाही, कारण ज्यातून संदर्भ तयार व्हायचा ते वाक्यच अनोळखी असते. तेव्हा पुस्तक हातात घेताना मधलेच एखादे पान उघडावे, न कळलेले शब्द बोटांवर मोजावेत, आणि हाताची बोटे संपली तर पुस्तक आदराने जागेवर ठेवावे. इतकी साधी युक्ती आम्हांला कोणी सांगितली नव्हती असे नाही. आम्ही ती आमच्यासाठी नाही असे धरून चाललो होतो.

निमूटपणे 'छोटा राजपुत्र' आणला. हे पुस्तक प्रथम १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले. फ्रान्समध्ये ते १९४६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर आले. प्रकरणे आखूड, संवाद सरळ, चित्रे लेखकाची स्वतःची. तरीही आम्ही पुन्हा ठेचकाळलो. या वेळी शब्दांमुळे नव्हे, काळामुळे. निवेदनात जागोजाग 'पासे सँप्ल' नावाचा भूतकाळ भेटू लागला. हा काळ फ्रेंच बोलण्यातून कधीच गेला, पण छापील कथेत तो अजून घर करून आहे, अगदी मुलांच्या पुस्तकांतही. वर्गात तो उशिरा शिकवतात, कारण कॉफी मागवायला त्याची गरज पडत नाही. परिणामी ज्याला फ्रेंचमधून घरभाड्याची बोलणी करता येतात त्याला मुलांच्या गोष्टीतले 'होता' ओळखता येत नाही. काही रूपे तर फसवीच असतात. 'व्ही' असे उच्चारले जाणारे एक रूप पासे सँप्लमध्ये 'त्याने पाहिले' असे होते, आणि तेच रूप, त्याच अक्षरांनी लिहिलेले, वर्तमानकाळात 'तो जगतो' असे होते.

यावर चिडण्याआधी मराठीकडे पाहावे लागले. 'ती पहाटे उठे, नदीवर जाई, पाणी भरी' हे वाक्य आपण डोळे मिटून वाचतो. पण हा रीतिभूतकाळ आज कोण बोलते? बोलताना आपण 'उठायची, जायची, भरायची' म्हणतो. 'जाई' आणि 'भरी' ही रूपे छापील कथेतच उरली आहेत. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला त्या वाक्यातली 'जाई' वेलीवरची वाटली तर दोष कोणाचा? आपल्याला हे कोणी शिकवले नाही, कारण शिकवायच्या आधीच ते गोष्टींतून कानात उतरले होते. ज्याच्या कानात उतरले नाही, त्याच्यासाठी मुलांचे पुस्तक हेच सर्वांत अवघड पुस्तक असू शकते. मुलांसाठीचे आणि शिकाऱ्यासाठीचे, ही दोन विशेषणे एक नव्हेत. मुलाजवळ भाषा असते, अनुभव कमी असतो. आमच्याजवळ अनुभव होता, भाषा नव्हती.

मग आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो काम्यू उघडला. 'लेत्राँजे', १९४२. पहिल्या बैठकीत अकरा पाने झाली तेव्हा काहीतरी चुकते आहे असेच वाटले. चुकत काही नव्हते. ही कादंबरी जवळजवळ संपूर्णपणे 'पासे काँपोझे'त सांगितलेली आहे. म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या, आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवलेल्या भूतकाळात. आज ऑफिसात हे केले, नंतर पोहायला गेलो, असे सांगताना माणूस जो काळ वापरतो तो. सार्त्रने १९४३ सालच्या आपल्या लेखात याच काळाकडे आणि त्यामुळे वाक्ये एकमेकांपासून कशी सुटी पडतात याकडे लक्ष वेधले होते. कादंबरीने तोवर जपलेला भारदस्त भूतकाळ बाजूला ठेवून मर्सोच्या तोंडी घरगुती भूतकाळ घालणे, ही काम्यूची निवड. आमच्या फळ्यावरच्या 'अलिप्त निवेदना'त या क्रियापदाचा उल्लेखही नव्हता. असणार कसा? इंग्रजीत दोन्ही काळांना एकच साधा भूतकाळ पुरतो. जे गिल्बर्टच्या पानावर उमटूच शकत नव्हते ते आम्ही शिकवू शकलो नव्हतो, आणि ते नसल्याचे आम्हांला कळलेही नव्हते.

पहिल्या परिच्छेदातील आईचेही तसेच. आश्रमाकडून आलेल्या तारेत 'मेर' हा औपचारिक शब्द आहे. मर्सो स्वतः मात्र 'मामाँ' म्हणतो. लहान मूल म्हणते तो शब्द. गिल्बर्टने तिथे 'मदर' केले आणि मर्सो पहिल्याच वाक्यात थंड झाला. १९८८ साली मॅथ्यू वॉर्डने 'मामाँ' तसाच ठेवला. मराठी वाचकाला ही अडचण इतकी जाणवत नाही. तारेतल्या 'मातोश्री' आणि ओठांवरची 'आई' यांतले अंतर आपल्याला ठाऊक आहे. ज्या माणसाला आम्ही पंधरा वर्षे भावनाशून्य म्हणत आलो तो सबंध पुस्तकभर आईला आई म्हणतो आहे, हे कळायला आम्हांला चाळिशीतले फ्रेंच लागले.

या यशाने भारावून आम्ही लगेच 'ला पेस्त' आणली, १९४७ सालची. तोच लेखक, म्हणून तीच भाषा, असे समजून. ती मात्र पासे सँप्लकडे आणि लांब, विचारपूर्वक बांधलेल्या वाक्यांकडे परत गेलेली. चाळीस पानांवर थांबलो. लेखक सोपा किंवा अवघड नसतो, पुस्तक असते, हे त्या चाळीस पानांनी शिकवले.

नंतर आम्ही एक चतुर निवड करून पाहिली. जे मराठीत तोंडपाठ आहे ते फ्रेंचमध्ये वाचायचे. गी दलरी यांनी तुकोबांच्या अभंगांचा केलेला फ्रेंच अनुवाद गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९५६ साली प्रसिद्ध केला आहे. विठ्ठलभक्तीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. अनुवादाचे नाव 'प्सोम द्यु पॅलरँ'. 'प्सोम' म्हणजे बायबलातील स्तोत्रे, आणि 'पॅलरँ' म्हणजे यात्रेकरू. अभंगाला स्तोत्र आणि वारकऱ्याला यात्रेकरू म्हटल्याने काय मिळते आणि काय सुटते, यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ बोललो. ती संध्याकाळ फार आनंदाची होती. पण वाचन म्हणून प्रयोग फसला. डोळे फ्रेंच ओळीवर असत आणि कानात मराठी ओळ पुढे धावत असे. अनोळखी शब्दाशी थांबायची वेळच येईना. तुकोबा तो शब्द आधीच सांगून मोकळे होत. पूर्ण ओळखीचे पुस्तक पूर्ण अनोळखी पुस्तकाइतकेच निरुपयोगी ठरते. एकात भाषा आडवी येते, दुसऱ्यात तिची गरजच पडत नाही.

खरे फ्रेंच आम्हांला शिकवले ते एका रहस्यकथाकाराने. आमच्या बैठकांत रहस्यकथा अभ्यासक्रमाला लावण्याचा विषय निघाला की भुवया उंचावत, आणि त्या भुवयांत आमच्याही असत. ज्या बाबूराव अर्नाळकरांनी कित्येक मराठी माणसांना वाचायची गोडी लावली त्यांच्यावर आमच्या एम.ए.ला एक तासही होत नाही. जॉर्ज सिमनाँ हा बेल्जियममधल्या लिएजचा. त्याने इन्स्पेक्टर मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या. तरुणपणी त्याच्या कथा 'ल मातँ' या वृत्तपत्रासाठी पाहणाऱ्या कोलेतने त्या फार साहित्यिक आहेत, त्यांतले साहित्य काढून टाका, असे सुचवले होते. ही आठवण त्याने स्वतःच सांगितली आहे. त्याने तो सल्ला मानला. म्हणून मेग्रेच्या जगात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा भेटतात : पाऊस, जिना, ओव्हरकोट, पाइप, बिअर, दाराच्या फटीतला उजेड. पहिल्या कादंबरीत शब्दकोशात पाहिलेला जिना तिसऱ्या कादंबरीत आपोआप चढता येतो. पासे सँप्लही तिथेच अंगवळणी पडला, कारण खून कोणी केला हे कळायची घाई असली की क्रियापदाच्या रूपापाशी थांबायला सवड नसते. एका वर्षात आम्ही नऊ मेग्रे वाचले. त्यातून सर्वांत मोलाची गोष्ट मिळाली ती ही, की न कळलेला शब्द सोडून पुढे जाता येते. पंधरा वर्षे शब्दन् शब्द उलगडून शिकवणाऱ्यांना हे धैर्य सहजी येत नाही.

त्यानंतर आलेल्या दोन पुस्तकांनी आमच्या प्रश्नाचा रोखच बदलला.

एक आनी एर्नोचे 'ला प्लास', १९८३ सालचे. एर्नोला २०२२ साली नोबेल मिळाले त्यानंतर ते आमच्या हाती पडले. शंभराच्या आसपास पाने, वडिलांविषयी. नॉर्मंडीतल्या छोट्या गावात कॅफे आणि किराणा दुकान चालवणारा माणूस, आणि शिकून शिक्षिका झालेली त्याची मुलगी. एर्नोने या पुस्तकासाठी मुद्दाम सपाट भाषा निवडली. वडिलांच्या आयुष्याचे सुंदर वाक्यांनी सोने करणे तिला अप्रामाणिकपणाचे वाटले. त्यामुळे ते शिकाऱ्याला वाचता येते. पण त्यात वडिलांची बोलीविषयीची लाज आहे, चार माणसांत चुकीचा शब्द तोंडून जाईल ही धास्ती आहे, आणि शाळेतून शुद्ध भाषा घेऊन आलेली, वडिलांना सुधारू पाहणारी मुलगी आहे. ते वाचताना आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता पाने उलटत होतो.

दुसरे पुस्तक आगोता क्रिस्तोफचे. ही हंगेरीची. १९५६ साली तान्ह्या मुलीला घेऊन नवऱ्याबरोबर देश सोडला, स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला पोहोचली, घड्याळांच्या कारखान्यात काम करता करता कानांनी फ्रेंच शिकली. 'लानाल्फाबेत' (निरक्षर) या २००४ सालच्या छोट्या आत्मकथनात ती सांगते की पाच वर्षांनी तिला फ्रेंच बोलता येत होते, वाचता येत नव्हते. चौथ्या वर्षी वाचू लागलेली मुलगी पुन्हा निरक्षर झाली होती. या भाषेला ती शत्रूभाषा म्हणते, कारण ती तिच्या मातृभाषेला मारत चालली होती. आणि त्याच शत्रूभाषेत तिने १९८६ साली 'ल ग्राँ काये' लिहिले. युद्धकाळात आजीकडे सोडलेली जुळी मुले एका वहीत आपली हकीगत लिहितात. नियम असा, की लिहिलेले खरे असले पाहिजे, आणि भावनांचे शब्द संदिग्ध असतात म्हणून टाळायचे. वर्तमानकाळ, दोन-तीन पानांची प्रकरणे, पहिल्या वर्षातला विद्यार्थी ओळखेल असे शब्द. आणि त्या शब्दांत इतके क्रौर्य, की आमच्यापैकी एकाने पुस्तक आठ दिवस मिटून ठेवले होते. सोपी भाषा आणि सोपे पुस्तक यांत किती अंतर असू शकते, ते इथे कळले.

ही जुळी मुले सबंध पुस्तकभर 'नू' म्हणतात. फ्रेंच 'नू' म्हणजे आम्ही, आणि 'नू' म्हणजे आपणही. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. क्रिस्तोफच्या जुळ्यांचे 'नू' मराठीत आणायचे तर 'आम्ही'च करावे लागेल. त्यांनी सगळ्या जगाला बाहेर ठेवले आहे.

या 'नू'ने आम्हांला पुन्हा टोपीपाशी नेले. पाच वर्षांपूर्वी मिटलेली 'मादाम बोव्हारी' गेल्या दिवाळीच्या सुटीत पुन्हा उघडली. मेग्रेच्या सवयीने टोपी ओलांडून गेलो. ती टोपी बेढब आणि केविलवाणी आहे, एवढे कळले की पुरे. बहुधा फ्लोबेरलाही तेवढेच हवे असावे. टोपीपलीकडे मुलगा दिसला. शिक्षक त्याला नाव विचारतात. तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटतो, नाव आणि आडनाव एकात एक मिसळून जाते, वर्ग खदखदून हसतो. 'मी हास्यास्पद आहे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद वीस वेळा लिहून आणण्याची शिक्षा त्याला होते. हे सगळे सांगणारा कोण? कादंबरीचा पहिलाच शब्द आहे 'नू'. वर्गात बसलेले, हसणारे 'आम्ही'. काही पानांनंतर हे 'आम्ही' कादंबरीतून नाहीसे होतात आणि पुढे कधीच परत येत नाहीत. अभ्यासक या विसंगतीवर बरेच बोलतात. आम्हांला ती विसंगती वाटली नाही. हसणारे असेच हसून निघून जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्या एम.ए.च्या वर्गात खानदेशातून आलेला एक विद्यार्थी होता. घरी अहिराणी. एकदा त्याला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. वाचताना त्याच्या तोंडी 'ळ'चा 'य' येई. 'डोळे'चे 'डोये' झाले आणि वर्ग हसला. आमच्यापैकी एक शिकवत होता, दुसरा पुढच्या तासासाठी दारात उभा होता. आम्ही दोघेही हसलो. मोठ्याने नव्हे, समजूतदार, प्राध्यापकी हसू. मग त्याच्याकडून 'ळ' तीनदा म्हणवून घेतला. त्याने म्हटला. त्यानंतर त्या वर्षात त्याने वर्गात कधी वाचले नाही. आम्ही ते फारसे लक्षातही घेतले नाही. परीक्षेत पास झाला, गेला. तो कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या टोपीपाशी थांबला होता, आम्ही लावलेल्या यादीतली किती पाने त्याला एक्केचाळीस शब्दांची वाटत होती, हे आम्ही त्याला विचारले नाही. वर आणि खाली या शब्दांवरून विशीतली मुले आम्हांला हसली तेव्हासुद्धा तो आठवला नव्हता.

आज आम्हांला कोणी विचारले, की फ्रेंच शिकताना काय वाचावे, तर आम्ही सांगू : शेल्फावर शोभेल ते नको. मधले पान उघडून बोटे मोजा. कोणत्या काळात सांगितले आहे ते पाहा. 'लेत्राँजे' लवकर वाचा, 'छोटा राजपुत्र' पासे सँप्ल आल्यावर. एकाच लेखकाची सारखी पुस्तके ओळीने वाचा आणि त्याची लाज बाळगू नका. मग एर्नो, मग क्रिस्तोफ. फ्लोबेर कुठे पळून जात नाही.

या जूनमध्ये एम.ए.ची पूरक वाचनयादी करताना आम्ही तिच्यात दोन रहस्यकथा आणि अहिराणीतले एक पुस्तक घातले. बैठकीत भुवया उंचावल्या. पहिल्या तासाला आता आम्ही विचारतो, की वाचताना कुठे थांबलात. विद्यार्थी अजून खरे सांगत नाहीत. सांगतील तेव्हा सांगतील.

'मादाम बोव्हारी'ची ती प्रत समोर आहे. पहिल्या पानावर पेन्सिलीच्या एक्केचाळीस रेघा अजून तशाच आहेत. पहिल्या शब्दाखाली रेघ नाही. तो आम्हांला येतो, असे वाटले होते.